पेपर, रेडिओ, टीव्ही, मोबाइल: पत्रकारितेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या ठिकाणी बातमीदारी करतो, त्यामुळं पानठेल्यावर, एसटी स्टँडवर, कॉलेजच्या पोरापोरींकडून, कधी सरपंचाकडून पण तेच ते प्रश्न येत राहतात. कोणी पत्रकारितेचा कोर्स करून राहिलं, कोणी स्पर्धा परीक्षेची तयारी, आणि कोणाला फक्त एवढंच पाहिजे की आपल्या गावची बातमी काहून येत नाही. सगळ्यांची उत्तरं एका जागी लिहून ठेवतो. इतिहास पण टाकला आहे, कारण आज जे चाललं ते कुठून आलं हे त्याच्याशिवाय समजत नाही.

मास मीडिया, जनमाध्यम म्हणतात ते नेमकं काय?

एका ठिकाणाहून निघालेली गोष्ट एकमेकांना न ओळखणाऱ्या हजारो-लाखो लोकांपर्यंत पोचवणारं साधन, मग तो पेपर असो, रेडिओ, टीव्ही, सिनेमा की मोबाइल. कोतवाल दवंडी द्यायचा ते पण माध्यमच होतं, पण ते वेशीपर्यंत, आणि ज्याला समजलं नाही तो कोतवालाला तिथल्या तिथं थांबवून विचारू शकत होता. पेपरला असं थांबवता येत नाही, मोठा फरक तिथं आहे.

हॅरॉल्ड लासवेल नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९४८ साली पाच प्रश्न मांडले, ते परीक्षेत तर येतातच पण रोजच्या कामाचे पण आहेत. कोण बोललं, काय बोललं, कोणत्या माध्यमातून, कोणाला, आणि त्याचा परिणाम काय झाला. हंगामात ग्रुपवर मेसेज येतो की उद्यापासून सोयाबीनचे भाव पडणार, माल काढून टाका. आता हे पाच प्रश्न लावून पाहा, कोण बोललं याच्यापुढं नावच नाही, आणि परिणाम काय तर चार कास्तकारांनी घाईघाईत माल विकला आणि फायदा भलत्याचाच झाला.

पत्रकारिता आणि मीडिया एकच ना?

नाही. मालिका, जाहिरात, सिनेमा, रील हे सगळं मीडिया आहे. पत्रकारिता त्यातला एक भाग, जिथं माहिती आधी तपासायची आणि मग नावानिशी लोकांसमोर ठेवायची. तपासलं नसेल तर मग ते पेपरात छापलेलं का असेना, ती पत्रकारिता नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

जगात आणि भारतात पेपर कधी सुरू झाले?

युरोपात गुटेनबर्गनं १४५० च्या सुमारास सुट्या खिळ्यांनी छपाई सुरू केली, आणि जर्मन भाषेतलं पहिलं नियमित छापील वृत्तपत्र १६०५ साली स्ट्रासबर्गला निघालं. आपल्याकडं छापखाना आला १५५६ मध्ये, गोव्याला, मिशनऱ्यांबरोबर. पण पेपर निघायला अजून सव्वादोनशे वर्षं गेली. २९ जानेवारी १७८० ला कलकत्त्याला जेम्स ऑगस्टस हिकी यानं बेंगॉल गॅझेट काढलं, इंग्रजीत. तो गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जवर आणि कंपनीच्या साहेबांवर टीका करायचा, म्हणून त्याला तुरुंगात टाकलं आणि १७८२ मध्ये छापखानाच उचलून नेला. म्हणजे देशातला पहिला पेपर सरकारनं दोन वर्षांत बंद पाडला, हे लक्षात ठेवा, पुढं कायद्याच्या प्रश्नात कामाला येईल.

६ जानेवारीला पत्रकार दिन काहून असतो?

त्या दिवशी १८३२ साली मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी दर्पण सुरू केलं, मराठीतलं पहिलं वृत्तपत्र म्हणून त्याचंच नाव घेतात. बाळशास्त्री कोकणातल्या पोंभुर्ल्याचे, आणि तेव्हा त्यांचं वय विशीच्या आसपास. पानावर दोन रकाने असायचे, एकात इंग्रजी आणि एकात मराठी, कारण त्यांना राज्यकर्त्यांना पण ऐकवायचं होतं आणि आपल्या लोकांना पण शिकवायचं होतं. आधी पाक्षिक आणि काही महिन्यांतच साप्ताहिक. १८४० मध्ये ते बंद पडलं, पण रस्ता पडला होता. १८४१ मध्ये भाऊ महाजनांचं प्रभाकर आलं, त्यातच १८४८ पासून लोकहितवादींची शतपत्रं छापून आली, मग १८४९ मध्ये पुण्याहून ज्ञानप्रकाश.

केसरी आणि मराठा जानेवारी १८८१ मधले. टिळक आणि आगरकर सोबत होते, पुढं मतभेद झाले आणि आगरकरांनी १८८८ मध्ये सुधारक काढलं. हे सगळं शाळेच्या पुस्तकात असतंच. पण त्याच्याही आधी, १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी पुण्याहून दीनबंधू सुरू केलं, सत्यशोधक चळवळीतलं, शेतकऱ्याचं आणि बहुजनांचं म्हणणं मांडणारं, ते फार कमी पोरांना माहीत असतं. नंतर नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते मुंबईहून चालवलं, आणि विसाव्या शतकाच्या सुरवातीला तानुबाई बिर्जे त्याच्या संपादक होत्या. एक बाई संपादक, तेही त्या काळात! पत्रकार दिनाच्या कार्यक्रमात तानुबाईंचं नाव घेतलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

बाबासाहेबांनी पेपर काढायची गरज काय होती, पेपर तर होतेच?

होते, पण त्यात अस्पृश्यांचं म्हणणं येत नव्हतं, आणि आलंच तर दुसऱ्यानं लिहिलेलं. ३१ जानेवारी १९२० ला मूकनायक निघालं, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपयांची मदत केली. मूकनायक निघणार आहे एवढी साधी जाहिरात पैसे घेऊन छापा म्हटलं तरी केसरीनं ती छापली नव्हती. मग १९२७ ला बहिष्कृत भारत, १९३० ला जनता, आणि १९५६ ला त्याचंच नाव प्रबुद्ध भारत झालं, त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली.

पैशाअभावी पत्रं बंद पडली तरी परत परत काढली, कारण ज्याचं दुःख त्यानं स्वतः लिहिल्याशिवाय ते पानावर नीट येत नाही. खेड्यातल्या पोरांनी पत्रकारितेत यावं असं मी सांगत फिरतो ते याच्यासाठीच.

आपल्या विदर्भात काय होतं?

बरंच होतं. नागपूर ही मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी, त्यामुळं तिथं राजकारण आणि पेपर दोन्ही जोरात. १९११ ला गोखल्यांच्या भारत सेवक समाजानं हितवाद काढला, तो इंग्रजीत आजही निघतो. नागपूरच्या देशसेवकचे संपादक अच्युतराव कोल्हटकर, लेखनापायी तुरुंगात गेले, आणि सुटून आल्यावर मुंबईला १९१५ मध्ये संदेश काढून मराठी बातमीची भाषाच चटपटीत केली. गोपाळराव ओगल्यांचं महाराष्ट्र नावाचं पत्र पण नागपूरचंच. तरुण भारतचे संपादक ग. त्र्यं. माडखोलकर १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथंच झाला.

यवतमाळचं नाव घेतल्याशिवाय हे पूर्ण होत नाही. लोकनायक बापूजी अण्यांनी १९१८ साली यवतमाळहून लोकमत नावाचं साप्ताहिक काढलं होतं, स्वातंत्र्यानंतर जवाहरलाल दर्डांनी तेच नाव घेऊन परत सुरू केलं आणि १९७१ च्या डिसेंबरात नागपुरातून दैनिक झालं. आता ते कुठल्या कुठं गेलं हे सगळे पाहूनच राहिले.

पेपर वाचता येत नव्हता तवा लोकांना कसं कळायचं?

ऐकून आणि पाहून. याला लोकमाध्यम म्हणतात आणि आपला भाग यात लय श्रीमंत आहे. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, त्यांचं कीर्तन म्हणजे एकानं बोलायचं आणि बाकीच्यांनी मान हलवायची असं नव्हतंच. ते वऱ्हाडीत लोकांना प्रश्न टाकायचे, लोकं उत्तर द्यायचे, त्या उत्तरावर पुढचा प्रश्न. पुस्तकात फीडबॅक नावाचा जो मुद्दा असतो तो हाच. तुकडोजी महाराजांनी मोझरीहून खंजिरीवर भजनं म्हणत गाव स्वच्छ ठेवण्यापासून स्वातंत्र्यापर्यंत सगळं पोचवलं.

आणि पूर्वेकडं झाडीपट्टी! चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा, तिथं दिवाळीनंतर सुगी झाली की रात्रभर नाटकं चालतात, वडसा म्हणजे देसाईगंज हे त्याचं ठाणं, तिथं नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत आणि गावोगावचे मंडळवाले तारखा बुक करायला येतात. दारू, हुंडा, जमिनीचा वाद, सगळे विषय त्यात येतात. गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. टीव्ही आला, मोबाइल आला, तरी मंडप भरतो.

पेपर गावात चारच येतात, मग बातमी गावभर कशी होते?

पानठेल्यावर एक जण मोठ्यानं वाचतो, आठ ऐकतात, त्यातला एखादा मास्तर नाहीतर पोलीस पाटील त्यावर काहीतरी बोलतो, आणि गावात फिरते ती त्याची बोललेली गोष्ट. पॉल लाझर्सफेल्ड आणि त्याच्या सोबत्यांनी १९४० च्या निवडणुकीत अमेरिकेतल्या ओहायो राज्यात अभ्यास केला तेव्हा त्यांना हेच दिसलं, की लोकांचं मत थेट पेपर-रेडिओनं बनत नाही, ओळखीतल्या जाणत्या माणसाच्या मार्फत बनतं. याला दोन टप्प्यांचा प्रवाह म्हणतात. आता पानठेल्याच्या जोडीला ग्रुप अ‍ॅडमिन आला, एवढंच.

रेडिओचं काय महत्त्व, आता कोण ऐकते?

ऐकतात भाऊ, जंगलपट्ट्यात जिथं रेंज नाही तिथं आजही ऐकतात. भारतात नियमित प्रसारण जुलै १९२७ ला मुंबईहून सुरू झालं, १९३६ ला ऑल इंडिया रेडिओ हे नाव आलं, नागपूर केंद्र १९४८ चं. नंतर अकोला, यवतमाळ, चंद्रपूरला पण केंद्रं झाली. वाचता न येणाऱ्या माणसाला पहिल्यांदा देशाची बातमी दुसऱ्याच्या मेहेरबानीशिवाय मिळाली ती रेडिओमुळं, याच्याएवढं मोठं काम दुसऱ्या कोणत्या माध्यमानं केलं असं मला वाटत नाही.

१९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीनं पुणे केंद्रानं एक प्रयोग केला, पश्चिम महाराष्ट्रातल्या सुमारे १५० गावांत मंडळं बनवली, सगळ्यांनी मिळून शेतीचा कार्यक्रम ऐकायचा, चर्चा करायची आणि प्रश्न केंद्राला लिहून पाठवायचे. नुसतं ऐकण्यापेक्षा ऐकून चर्चा केली तर माणूस जास्त शिकतो हे त्यातून दिसलं आणि मग तो प्रयोग देशभर नेला. १९८८ मध्ये आकाशवाणीची रात्रीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली तीही नागपूरच्या १००० किलोवॅटच्या ट्रान्समीटरवरून, देशाच्या मधोमध आहोत ना आपण, मीडियम वेव्हची लहर रात्री चहूकडं दूरवर जायची.

खासगी एफएमवर बातम्या काहून नसतात हा प्रश्न पण येतो. त्यांना स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही, आकाशवाणीच्या बातम्या आहे तशा लावता येतात, बस.

टीव्ही?

दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९, मुंबईत २ ऑक्टोबर १९७२, रंगीत १९८२ च्या एशियाडला. १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत टीव्ही दाखवायचा साइट नावाचा प्रयोग झाला, त्यात महाराष्ट्र नव्हता. १९९० नंतर केबल आणि खासगी चॅनल. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता, सरकारची एकट्याची नाही. परीक्षेसाठी एवढं पुरे.

बातमी कशी बनते? तुम्ही नेमकं करता काय?

एक उदाहरण घ्या. पावसाळ्यात सकाळी पोलीस पाटलाचा फोन येतो की नाल्यावरचा रपटा, म्हणजे बुटका पूल, वाहून गेला, पोट्टे शाळेत जाऊ शकत नाहीत. इथं बातमी झाली नाही, इथं फक्त खबर आली. आता पहिलं काम म्हणजे तिथं जाणं, नाहीतर निदान दोन वेगवेगळ्या माणसांकडून खात्री करणं, त्यातला एक शाळेचा मास्तर पाहिजे कारण पटावर किती आणि आज आले किती हे त्याच्या हजेरीत आहे. मग तो रस्ता कोणाचा, जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकामचा, हे विचारायचं, कारण दोघंही एकमेकांकडं बोट दाखवतात. मग रपटा केव्हा बांधला, कंत्राट केवढ्याचं, दुरुस्तीची मुदत संपली का. मग अभियंत्याला फोन, तो नाही उचलला तर परत फोन, आणि तरी नाही बोलला तर तसं लिहायचं. कोणावर आरोप होत असेल तर त्याची बाजू त्याच बातमीत आली पाहिजे, दुसऱ्या दिवशी नाही.

लिहिताना कोण, काय, कुठं, केव्हा, का आणि कसं, ही सहा उत्तरं. सगळ्यात महत्त्वाचं वर आणि बाकीचं उतरत्या क्रमानं, याला उलटा पिरॅमिड म्हणतात. याचं एक कारण असं सांगतात की पूर्वी बातमी तारेनं जायची, तार महाग आणि लाइन कधी तुटेल याचा भरवसा नाही, म्हणून मुद्द्याचं आधी. आजही ते कामाचंच आहे कारण रात्री जाहिरात आली की डेस्कवरचा, म्हणजे पेपरच्या ऑफिसात बातम्या तपासून लावणारा, उपसंपादक खालून कापतो. म्हणून मास्तरचा हजेरीचा आकडा पहिल्या परिच्छेदात टाकायचा, शेवटी टाकला तर तो गेलाच समजा.

जुन्या वार्ताहरांचं पाहिलं तर ते हातानं लिहून पाकीट एसटीच्या कंडक्टरकडं द्यायचे, फोटोचा रोल पण त्यातच, बस चुकली की बातमी एक दिवस शिळी. मग फॅक्स आला, मग ईमेल, आता व्हॉट्सअ‍ॅप. पाठवणं मिनिटभराचं झालं, पण तपासायला तेवढाच वेळ लागतो जेवढा पाकिटाच्या काळात लागायचा, आणि सगळी गडबड तिथंच होऊन राहिली.

आमच्या गावची बातमी नागपूर-मुंबईच्या पेपरात काहून येत नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर थोडं लांब आहे.

पहिली गोष्ट, बातमी कित्येक फाटकं पार करून छापून येते. तालुक्याचा वार्ताहर ठरवतो पाठवायची की नाही, जिल्ह्याचा प्रमुख ठरवतो, मग डेस्क, मग पान लावणारा. डेव्हिड मॅनिंग व्हाइट या अभ्यासकानं १९४९ मध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या पेपरच्या, तारेनं येणाऱ्या बातम्या निवडणाऱ्या संपादकाला रोज आलेल्या आणि त्यानं नाकारलेल्या बातम्या कारणासकट जपून ठेवायला लावल्या, तर दिसलं की आलेल्यातलं बहुतेक कचऱ्यात जातं आणि बरंच काही त्याच्या स्वतःच्या आवडीनिवडीवर ठरतं. याला गेटकीपिंग म्हणतात. फाटकावर बसलेला माणूस कधी वावरात गेला नसेल तर बोंडअळीची बातमी त्याला रोजचीच वाटते.

दुसरी गोष्ट आवृत्त्यांची. ऑफसेट छपाई आणि कॉम्प्युटर आल्यावर पेपरांनी जिल्ह्याजिल्ह्याची वेगळी पानं काढली. त्याचा फायदा झालाच, गावातल्या सप्ताहापासून रपट्यापर्यंत सगळं छापून यायला लागलं, खेड्यातला माणूस पेपर विकत घ्यायला लागला. पण यवतमाळची बातमी यवतमाळच्या पानावर, वाशिमची वाशिमच्या. शेजारच्या जिल्ह्यात तेच बियाणं फसलं हे इकडच्या कास्तकाराला कळत नाही, आणि मुंबईला तर यातलं काहीच दिसत नाही. प्रत्येक जिल्ह्यात एक-एक कॉलमची बातमी रोज छापून येते आणि तरी ती एकत्र कुठंच दिसत नाही. कापसाच्या पट्ट्यातल्या आत्महत्यांचं कितीतरी वर्षं असंच झालं.

२००६ मध्ये पत्रकार पी. साईनाथांनी एक हिशेब मांडला होता. मुंबईतल्या एका मोठ्या फॅशन वीकला अधिकृत पास घेतलेले ५१२ पत्रकार होते, तिथं सुती कपड्यांचे शो चालू होते, आणि तो कापूस पिकवणारी माणसं विमानानं तासाभराच्या अंतरावर विदर्भात जीव देऊन राहिली होती, तिथं बाहेरून आलेले पत्रकार बोटांवर मोजण्याएवढे. हे वाचून मला आजही राग येतो. नंतर बातम्यांचा दाब वाढला, त्याच वर्षी पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. पॅकेजनं काय साधलं तो वेगळा वाद आहे, पण जे पानावर सतत येतं त्याचाच विचार सरकार आणि लोक करतात हे तिथं दिसलं. मॅकॉम्ब्स आणि शॉ या दोघांनी १९६८ च्या अमेरिकन निवडणुकीवर अभ्यास करून १९७२ मध्ये हेच मांडलं, माध्यमं तुम्हाला काय मत बनवा हे सांगत नसतील पण कशावर मत बनवा हे सांगतात. त्याला अजेंडा सेटिंग म्हणतात.

मग करायचं काय? बातमी देताना आपल्या गावापुरती देऊ नका. शेजारच्या तीन गावांत तेच झालं असेल तर तिन्हीची माहिती एकत्र द्या, शक्य असलं तर दुसऱ्या तालुक्याची पण. एका रपट्याची बातमी आतल्या पानावर जाते, एकाच योजनेतले पाच रपटे एका पावसाळ्यात गेले तर ती पहिल्या पानाची होते.

पेड न्यूज म्हणजे काय आणि जाहिरातीत काय वाईट आहे?

जाहिरात वाईट नाही. पेपरच्या किमतीत कागदाचा खर्च पण धड निघत नाही, घर चालतं जाहिरातीवर. पण जाहिरात ही जाहिरात म्हणून दिसली पाहिजे. पैसे घेऊन उमेदवाराची स्तुती बातमी म्हणून छापली की ती पेड न्यूज. महाराष्ट्रात २००९ च्या विधानसभा निवडणुकीत हे बातम्या विकायचं पॅकेज प्रकरण एवढं बोकाळलं की प्रेस कौन्सिलनं चौकशी केली, २०१० मध्ये अहवाल आला. आता निवडणुकीत जिल्हास्तरावर समिती असते आणि पेड न्यूज ठरली तर तो खर्च उमेदवाराच्या खात्यात धरतात.

खेड्यात याचं एक वेगळं रूप आहे आणि ते सांगितलंच पाहिजे. ग्रामीण वार्ताहराला पगार नसतो, नाममात्र मानधन नाहीतर तेही नाही, कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. १५ ऑगस्ट, दिवाळी, नेत्याचा वाढदिवस, प्रत्येक वेळी टार्गेट. ज्या ठेकेदाराकडून, ज्या सभापतीकडून जाहिरात आणायची त्याच्याच विरुद्ध रपट्याची बातमी कशी लिहायची? तरी लिहिणारे आहेत, आणि त्यांच्या मागं गावानं उभं राहायला पाहिजे.

पत्रकाराला खास स्वातंत्र्य असतं का? कायदा काय म्हणतो?

संविधानात प्रेस हा शब्द वेगळा नाही. कलम १९(१)(अ) मधलं बोलायचं स्वातंत्र्य तुम्हाला तेवढंच मला, आणि १९(२) मधली बंधनं पण तेवढीच.

इंग्रजांनी १८७८ ला देशी भाषांतल्या पेपरांसाठी वेगळा कडक कायदा केला होता, इंग्रजी पेपरांना तो नव्हता, यातच काय ते समजा. टिळकांना राजद्रोहात १८९७ ला दीड वर्षाची आणि १९०८ ला सहा वर्षांची शिक्षा झाली, दुसऱ्या वेळी मंडालेला, आणि दोन्ही वेळा पुरावा म्हणजे केसरीत छापून आलेला मजकूर. स्वतंत्र भारतात २५ जून १९७५ ला आणीबाणी लागली आणि मजकूर छापायच्या आधी सरकारी अधिकाऱ्याला दाखवायची सक्ती झाली, काही पेपरांनी निषेध म्हणून अग्रलेखाची जागा कोरी सोडली.

आजच्या कामापुरतं एवढं माहीत असू द्या: बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, बलात्कार पीडितेची ओळख पटेल असं काहीही छापणं हा गुन्हा आहे, गावाचं नाव, नातेवाइकाचं नाव, घराचा फोटो यातूनही ओळख पटते हे विसरू नका. आणि पत्रकारांवरच्या हल्ल्याविरुद्ध महाराष्ट्र विधिमंडळानं २०१७ मध्ये कायदा केला आहे.

यूट्यूब चॅनल काढलं, गाडीवर प्रेस लिहिलं, झालो का पत्रकार?

पत्रकार व्हायला आपल्या देशात लायसन लागत नाही आणि ते बरंच आहे. अधिस्वीकृती पत्रिका, म्हणजे सरकारमान्य पत्रकाराचं ओळखपत्र, वेगळी, ती राज्याचा माहिती विभाग निकष पाहून देतो. छापील पेपर काढायचा तर नोंदणी लागते, आधी १८६७ चा कायदा होता, त्याच्या जागी २०२३ चा नवा आला. यूट्यूब चॅनलला ती नोंदणी नसते, म्हणून कोणी नोंदणीकृत चॅनल म्हणून कार्ड विकत असेल तर पैसे देऊ नका. कॅमेरा घेऊन ग्रामसेवकाला धमकावणं ही पत्रकारिता नाही. पण ज्या गावात कोणताच पेपरवाला जात नाही तिथं एखादं पोट्टं मोबाइलवर ग्रामसभा दाखवून राहिलं, तर मी त्याला पत्रकारच म्हणतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं खरं की खोटं कसं ओळखायचं?

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठार मारलं. ते भिक्षा मागून पोट भरणारे भटक्या समाजाचे लोक होते, आणि आधी कित्येक दिवस मोबाइलवर मुलं पळवल्याचे खोटे मेसेज फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करायची मर्यादा घातली.

म्हणून मेसेज आला की तारीख पाहा, जागेचं नाव पाहा, सांगणाऱ्याचं नाव पाहा. यातलं एक जरी नसेल तर पुढं पाठवू नका. जीआर म्हणून फोटो आला तर शासनाच्या वेबसाइटवर तो निर्णय आहे का पाहा. आणि ज्या मेसेजनं लगेच राग येतो, नाहीतर भीती वाटते, तो तर आधी ठाणेदाराला नाहीतर तलाठ्याला फोन करून विचारा.

आमच्याबद्दल चुकीची बातमी छापली, आता कोणाकडं जायचं?

पेपरच्या शेवटच्या पानावर अगदी खाली बारीक अक्षरात एक ओळ असते, मुद्रक, प्रकाशक, संपादक कोण आणि कुठं छापलं. ती कायद्यानं छापावीच लागते. त्या संपादकाच्या नावानं लेखी खुलासा पाठवा, बातमीची तारीख, पान, चूक काय आणि खरं काय, सोबत कागदाची झेरॉक्स. वार्ताहराशी भांडून काही होत नाही, छापायचा अधिकार त्याच्याकडं नसतो. तरी दाद नाही मिळाली तर प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाकडं तक्रार करता येते, ती संस्था पहिल्यांदा १९६६ मध्ये झाली. ती दंड करू शकत नाही, समज देते, पण पेपरवाले तिची नोटीस गंभीरपणे घेतात. टीव्ही चॅनल तिच्या कक्षेत येत नाहीत.

पत्रकार व्हायचं आहे, शिकायचं कुठं आणि सुरवात कशी करू?

दूर जायची गरज नाही. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचा पत्रकारिता विभाग १९५२ पासूनचा, देशातल्या जुन्या विभागांपैकी. वर्ध्याला महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात जनसंचार शिकवतात, आणि अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र आहे.

पण प्रवेशाची वाट पाहत बसू नका. गावातल्या ग्रामसभेचा ठराव वही घेऊन उतरवा, मग सहा महिन्यांनी त्यातलं काय झालं ते पाहा, तिथं बातमी असते. कागद मिळत नसेल तर माहिती अधिकार आहे, महाराष्ट्रात २००२ ला आणि देशात २००५ ला कायदा झाला, दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. प्रश्न नेमका विचारा, अमुक रस्त्याचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि बिलाची प्रत, असं. मोघम विचारलं तर मोघम उत्तर येतं.

पहिली बातमी तीनशे शब्दांच्या आत लिहा, आडनावं आणि गावांची नावं दोनदा तपासा, ज्याच्याशी बोलले त्याचा फोन नंबर वेगळ्या मेसेजमध्ये डेस्कला द्या, छापायला नाही, खात्री करायला. दुपारी चारच्या आत पाठवली तर जागा मिळायची शक्यता जास्त. आणि रात्री आठ-नऊच्या सुमारास फोन चालू ठेवा, डेस्कवरून शंका विचारायला त्याच वेळी फोन येतो, उचलला नाही तर बातमी बाजूला राहते.